नमुनेवाले काका

माणसाला 'नमुना' म्हटलं की तो चिडतो. काकांचं तसं नव्हतं. बोईसरच्या आमच्या कापड कारखान्यात कुणी त्यांच्या पाठीमागे "काय नमुना आहे!" असं म्हटलं आणि ते त्यांच्या कानावर गेलं, तर ते वळून गंभीरपणे विचारत, "कुठे आहे? किती जुना?"

त्यांच्या लेखी नमुना म्हणजे एकच गोष्ट होती. पूर्वी मुलींच्या शाळेत शिवणाच्या तासाला मोठ्या हातरुमालाएवढ्या कापडावर प्रत्येकीला फुलीच्या टाक्यांनी अ आ इ ई भरायला लावत. खाली आकडे, एखादी वेल, दोनचार मोर, आणि अगदी तळाला स्वतःच्या मनाचे दोन शब्द. त्या कापडाला म्हणायचे नमुना. बाई तो तपासून मार्क देत आणि मग तो ट्रंकेच्या तळाशी जाई. असे जुने, विटलेले, कसर लागलेले नमुने शोधायचे, त्यांचा धागा न् धागा मोजायचा, आलेखाच्या कागदावर उतरवायचा आणि हुबेहूब तसाच दुसरा भरायचा, हा काकांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. खरं तर तो त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. निवृत्तीनंतर त्यांनी तो ओटीवर बसून उघडपणे सुरू केला, इतकंच.

मी इचलकरंजीची. नवऱ्याची नोकरी तारापूर एमआयडीसीतली, म्हणून लग्नानंतर बोईसरला आले आणि वर्षभरात त्या कारखान्याच्या तपासणी खात्यात चिकटले. काका तिथले सगळ्यांत जुने तपासनीस. खालून दिवा लावलेल्या तिरक्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि आम्ही त्यातले फॉल्ट टिपायचे. काकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला धागे मोजायचं एक घडीचं भिंग असे. त्यामुळे मागावरची उत्तरेकडची पोरं त्यांना 'भिंगवाले चाचा' म्हणत. एखादा विणकर गयावया करत यायचा, "चाचा, इतना तो चलता है." काका शांतपणे म्हणायचे, "ठीक है, लिख देता हूँ." आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहायचे: 'चलता है असे विणकराचे म्हणणे आहे.' व्यवस्थापक वैतागत, पण काकांना काही बोलायची कुणाची छाती नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी एका ताग्यापुढे 'बहुधा तेलाचा डाग' असं लिहिलं. काकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"हा 'बहुधा' कुठला फॉल्ट?"

मी पुन्हा त्या डागाकडे पाहिलं.

"दिसतं ते लिहायचं. वाटतं ते लिहायचं नाही. वाटण्याचा पगार वेगळ्या लोकांना मिळतो."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की माझ्या नवऱ्यालाही ते पाठ झालं. आजही मी म्हटलं, "मला वाटतं भाजीत मीठ जास्त झालंय," तर तो पगाराचं विचारतो.

भिंग गळ्यातून कधीच उतरत नसे. पालघरला आमच्या खात्यातल्या एकीचं लग्न होतं. आम्ही सगळे रांगेने स्टेजवर गेलो. काका नवरीसमोर पोचले, थबकले आणि एकदम वाकले. नवरीला वाटलं, हे वडीलधारे गृहस्थ आपल्याला नमस्कार करतायत. ती बिचारी "अहो काका, हे काय!" करत मागे सरकली, तसे काकाही दोन पावलं तिच्यामागे सरकले. त्यांच्या हातात भिंग होतं आणि भिंगाखाली शालूचा काठ. "उत्तम," असं म्हणून त्यांनी अहेराचं पाकीट तिच्या हातात दिलं. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. तो अल्बम मी पाहिलाय.

काका मूळचे माहीमचे. माहीम म्हणजे केळव्याजवळचं, मुंबईतलं नव्हे, हे ते कुणी विचारायच्या आत सांगत. वाडीतलं कौलारू घर, मागे सुपारी, पुढे ऐसपैस ओटी. काकू घिवलीच्या, कोळीवाड्यातल्या, आणि त्या बिनदिक्कत हाय-नाय करत बोलायच्या. काकांचं बोलणं मात्र छापील. घरातही 'आहे' आणि 'नाही', 'आम्ही'मधला ह जागच्या जागी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चौथीत 'आमी' म्हटलं म्हणून मास्तरांनी बाकावर उभं करून शंभर वेळा 'आम्ही' म्हणायला लावलं. तेव्हापासून जमलं." यावर काकूंचं मत असं, की "हे झोपेत पन शुद्ध घोरतात."

नमुन्यांचं वेड लागलं ते एका फ्रेमपायी. काकूंच्या आईवडलांच्या फोटोला जुनी सागवानी फ्रेम हवी म्हणून काकांनी पालघरला भंगारवाल्याकडून एक उचलली. घरी आणून उघडली तर आतल्या कुणाच्या तरी फोटोमागे पुठ्ठ्याऐवजी एक नमुना घडी करून घातलेला. काकांनी सवयीने भिंग लावलं आणि त्रेचाळीस फॉल्ट काढले. मग त्यांना प्रश्न पडला, की ह्या मुलीने एवढे फॉल्ट केले कसे? ते कळायचं तर तेच फॉल्ट आपण करून पाहिले पाहिजेत. काकूंना शिवणातलं ओ की ठो येत नव्हतं. शर्टाची बटणंसुद्धा काकाच लावत. म्हणून ते कारखान्यातल्या शिवणविभागातल्या एका बाईंकडून फुलीचा टाका शिकले. तीन महिन्यांनी नमुना पुरा झाला तेव्हा म्हणाले, "ही पोर डावखुरी होती. आणि आकडे भरताना तिला झोप येत होती." सगळ्या फुल्यांचा वरचा टाका उलट्या बाजूला झुकलेला होता, आणि आकड्यांच्या ओळीत टाके सैल पडत गेले होते. हे वाटणं नव्हतं, दिसणं होतं.

फोटो अजून त्या फ्रेममध्ये बसलेला नाही. काकू त्याची आठवण करून द्यायची एकही संधी सोडत नसत.

काका निवृत्त झाले आणि मी रविवारी माहीमला जायला लागले. पालघरला उतरून टमटममध्ये बसलं की आपण सुट्टीवर आहोत असं वाटायचं. माझं काम आलेखाचा कागद भरण्याचं. काका भिंगातून पाहत घरं सांगत, "तीन भरलेली, एक रिकामं, दोन भरलेली," आणि मी पेन्सिलीने फुल्या मारत जायची. काकू चहा, घावन, कधी तळलेले बोंबील आणून ठेवत आणि आम्ही बोटं पुसल्याशिवाय कागदाला हात लावला तर ओरडत. खरं सांगते, त्या ओटीइतकी सुखात मी बोईसरच्या सगळ्या वर्षांत कुठेच नव्हते.

रंगांचा वेगळाच प्रकार होता. नमुना भरून घ्यायला कुणी आलं की काका विचारत, "आजचा हवा की तेव्हाचा?" म्हणजे विटलेला हवा की नवा होता तसा? लोक बहुतेक आजचाच मागत. मग काका नवे दोरे चहाच्या पाण्यात उकळत, डाळिंबाच्या सालीत बुडवत आणि दोरीवर उन्हात टांगत. शेजारच्या दोरीवर काकूंचे बोंबील. "लोकं दोरे घेतात रंग पक्का बगून," काकू म्हणायच्या, "आनि आमचे हे उडवीत बसतात."

माझी एक चूक सांगायलाच हवी. एका नमुन्यात त्या मुलीने सहाचा आकडा उलटा भरला होता. त्यामुळे एक, दोन, तीन, चार, पाच, तीन, सात अशी ओळ झाली होती. मी कागदावर उतरवताना गुपचूप सहा सरळ केला. उपकाराच्या भावनेने. काकांनी कागद पाहिला, खोडरबर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू त्या पोरीला खोटं पाडलंस. आपण नक्कल करतो. सुधारणा करणारे तिला तेव्हाच भेटले असतील." तो दोन तिनांचा नमुना मी बोईसर सोडताना त्यांनी मलाच दिला. आता इचलकरंजीत तो भिंतीवर आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा मला सांगतो, "अहो, सहा चुकलाय."

तर काकांचा हा नियम. चूक असेल तिथे चूक. तो त्यांनी कुणासाठी वाकवला नाही. घिवलीच्या आजींसाठीही नाही.

ह्या आजी काकूंच्या माहेराशेजारच्या. ऐंशीच्या पुढच्या, सगळा जन्म मासळी साफ करण्यात, सुकवण्यात आणि विकण्यात गेलेला. एका रविवारी काकूंनी आम्हा दोघांना रिक्षात घालून तिकडे नेलं. आजींनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून साडीचा तुकडा, तुकड्यातून नमुना. त्यांच्या आईने शाळेत असताना भरलेला. आजी दीड वर्षांच्या असताना आई गेली. फोटो नव्हता, दुसरी काही वस्तू नव्हती. आईचं म्हणून जगात एवढंच होतं आणि आता तेही घडीवर फाटत चाललं होतं.

काकांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला. काम अप्रतिम होतं. तांबड्या दोऱ्याने भरलेली अक्षरं एका उंचीची, मोर एका मापाचे, चारी बाजूंनी फुलांची वेल. तळाला दोन शब्द: 'माझी आई'. फक्त तिथे उजवीकडे गडबड होती. ई वेलीला जाऊन भिडली होती आणि तिथलं फूल अर्धंच होतं.

"जावय," आजी म्हणाल्या. गावाच्या जावयाशी त्या मान देऊनच बोलायच्या. "बाकी हाय तसंच करा. फक्त तेवडं फूल पुरं करा."

"तसं करता येणार नाही, आजी. मूळ नमुन्यात ते अर्धं आहे."

"माजी आजी व्हती ना, बापाची आय. ती ह्या फुलावर बोट ठेवून सगल्यांना दाखवायची. म्हनायची, हिची आय अर्दवट व्हती, फूल पन अर्दं, संसार पन अर्दा टाकून गेली. ल्हानपनापासून आयकते मी. माज्या पोरींनी तरी आयकू नये." त्या थांबल्या. "आता माजे डोले पन जायला आलेत. पुरं फूल एकदा बगायचंय."

मला वाटलं, काका आता हो म्हणतील. ते कापडाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "फॉल्ट आहे तो आहे, आजी. मी तो झाकला तर ते तुमच्या आईचं काम राहणार नाही. माझं होईल."

आजींनी मान हलवली. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. शेवटी कसर काढून, फाटलेली घडी मागून सांधून देतो, असं सांगून काकांनी नमुना सोबत घेतला.

परतताना रिक्षात मीही काकांवर चिडले होते. एका म्हातारीसाठी अर्धं फूल भरलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? काकूंनी मात्र वेगळाच उपाय काढला. त्या आठवडाभर काकांशी शुद्ध मराठीत बोलल्या. "आपण जेवायला यावे." "आपल्याला आमटी वाढू का?" पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा काका पार खचलेले दिसत होते.

"मला एक कळत नाही," ओटीवर बसताच ते म्हणाले. "इतकं मोजूनमापून काम करणारी मुलगी. सगळ्या ओळी मधोमध आहेत. मग शेवटच्या ओळीतच हिचं माप कसं चुकलं? कागद घे."

त्यांनी नमुना उलटा केला आणि मागून भिंग लावलं. शेवटच्या ओळीवरून ते इंचाइंचाने सरकवत नेलं. मग म्हणाले, "इथे भोकं आहेत."

कापड घट्ट विणीचं होतं. सुई एकदा गेली की तिथले धागे बाजूला सरतात आणि टाका उसवला तरी पुरते जवळ येत नाहीत. शिवाय तांबड्या दोऱ्याची बारीक लव भोकांतून अडकून राहिलेली. काकांनी घरं सांगायला सुरुवात केली. भरलेलं सोडून फक्त भोकं. मी टिंबं देत गेले. पहिल्यांदा वेलीजवळचं निघालं: फुलाची उरलेली अर्धी बाजू, पाकळी न् पाकळी. फूल पुरं भरलेलं होतं. नंतर कुणीतरी अर्धं उसवून ई साठी जागा केली होती.

मग तळाची ओळ. 'मा' तोच होता. पुढे टिंबं जुळत गेली तसं मला अक्षर दिसायला लागलं. झ नव्हता, ज होता. शेवटी ई नव्हती, य होता.

"अरेच्चा," मी म्हटलं, "आधी अशुद्ध लिहिलं होतं हिने!"

काकू दारात उभ्या होत्या. "अशुद्ध कशाला? आमी असंच बोलतो."

काका माझ्या कागदाकडे पाहत होते. "माजी आय," ते म्हणाले. वाचून दाखवावं तसंच म्हणाले, पण आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. मग भिंग बाजूला ठेवून त्यांनी बोटाने घरं मोजली. "ज ला लागतात चार घरं. झ ला सात. तिनं माप बरोबर घेतलं होतं, 'माजी आय' साठी. ओळ बरोबर मधोमध बसली होती, फूल पुरं होतं. मग बाईंनी उसवून शुद्ध करायला लावलं असणार, आणि वाढलेली तीन घरं गेली वेलीत."

"म्हंजे अर्दवट नव्हती ती," काकू म्हणाल्या.

"फॉल्ट तिचा नाही," काका म्हणाले. हे ते दोनदा म्हणाले. मग लगेच त्या बाईंचीही बाजू घेतली. बाईंनी आपलं काम केलं, तपासनीस होत्या त्या, मीही तेच केलं असतं. पण असं म्हणताना ते कागदावरून नजर काढत नव्हते. त्या दिवशी काकू पुन्हा आपल्या बोलीवर आल्या.

काकांनी नवा नमुना भरायला घेतला. पद्धत त्यांचीच: तिनं जसं केलं तसं करायचं. म्हणजे आधी पुरं फूल आणि 'माजी आय', मग ते उसवायचं, आणि त्याच भोकांवर 'माझी आई' आणि अर्धं फूल. मूळ नमुना म्हणजे हे सगळं मिळून, असं त्यांचं म्हणणं. रंगाचं आजींना विचारलेलं नव्हतं. काकांनी दोरे उकळले नाहीत की उन्हात टाकले नाहीत. तांबडा तसाच लखलखीत वापरला.

'माजी आय' भरून झालं, फूल झालं आणि काम थांबलं. उसवायची छोटी कात्री भरतकामाच्या रिंगेशेजारी पडून राहिली. एक रविवार गेला, दुसरा गेला. कारखान्यात उद्यावर काही न ढकलणारा माणूस दर वेळी म्हणायचा, "पुढच्या खेपेला." तिसऱ्या रविवारी त्यांनी कात्री माझ्यापुढे केली. "तू उसव. तुझा हात हलका आहे."

मी हात मागे घेतला. "दिसतं ते लिहायचं ना, काका? मला तर पुरं फूल दिसतंय."

त्यांनी कात्री पुन्हा रिंगेशेजारी ठेवली. काकू म्हणाल्या, "आजींची वस्तू हाय. त्यांना इचारा."

घिवलीला आजी ओट्यावर सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. काकांनी नवा नमुना त्यांच्या मांडीवर पसरला आणि सगळं नीट सांगितलं. भोकं, ज, झ, तीन घरं. आजी ऐकत होत्या आणि त्यांचं बोट वेलीवरून सरकत होतं. उजव्या कोपऱ्यात आल्यावर ते थांबलं. त्यांनी फुलाभोवती बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"पुरं हाय," त्या म्हणाल्या.

"होय. तुमच्या आईनं पुरंच भरलं होतं."

मग त्यांनी कापड डोळ्यांजवळ नेलं. दुसरीपर्यंत शिकलेल्या होत्या. एकेक अक्षर लावत वाचलं, "मा... जी... आय." आणि आमच्याकडे वर बघून लहान मुलीसारखं विचारलं, "आसंच बोलायची ती? माज्यासारकं?"

काकूंनी मान डोलावली.

"मला वाटायचं, शालेत गेलेली बाय, कुनास ठाऊक कशी बोलत असंल. आपल्यातली वाटायचीच नाय." आजींनी कापडावरून तळवा फिरवला. हसत होत्या आणि डोळे वाहत होते.

काकांनी खिशातून कात्री काढली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आजी, मूळ नमुन्यात हे पुढे उसवलेलं आहे. तसंच करायचं तर आता मला इथे उसवावं लागेल. तुम्ही सांगाल तसं करतो. आजचा हवा की तेव्हाचा?"

आजींनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि मासळीच्या टोपलीपलीकडे ठेवून दिली.

"एकदा उसवलंय ना तिनं, जावय. आता परत नको उसवू."

बोलण्याच्या भरात त्यांनी जावयाला अरे-तुरे केलं होतं. काकांनी आजींकडे पाहिलं, मग त्या पुऱ्या फुलाकडे.

"नाय, आजी," ते म्हणाले. "नाय उसवत."